चॉकलेटमध्ये बुडवलेल्या कँडी घरी करताना या चुका टाळा

घरी केलेल्या चॉकलेट कँडीचा पहिला दिवस बहुतेक वेळा चांगलाच जातो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी डब्याचे झाकण उघडताना होते. कालच्या चकाकत्या कवचावर राखाडी पट्टे उमटलेले असतात, एखाद्या कँडीला तडा जाऊन त्यातून सारण डोकावत असते, काहींच्या तळाशी चिकट ओल साचलेली असते आणि हातात घेतलेली कँडी तोंडापर्यंत जाण्याआधीच बोटांना लागते. अशा वेळी दोष बुडवण्याच्या कौशल्याला दिला जातो. प्रत्यक्षात बुडवणे हा या कामातला सर्वांत सोपा आणि चार-पाच सेकंदांचा भाग आहे. बिघाडाचे मूळ जवळजवळ नेहमी त्याच्या तासभर आधी, म्हणजे चॉकलेट निवडताना, वितळवताना किंवा सारण तयार करताना सापडते. म्हणूनच या लेखात चुका त्या घडण्याच्या क्रमाने घेतल्या आहेत.

पाकिटामागची घटकांची यादी न वाचणे

चॉकलेट या नावाने मिळणाऱ्या पदार्थांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एका प्रकारात स्निग्धांश म्हणून कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतला नैसर्गिक स्निग्ध पदार्थ, असते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे कंपाउंडमध्ये, कोको पावडर आणि पामसारखे वनस्पतिजन्य तेल असते. कंपाउंड वितळवावे आणि वापरावे, ते आपोआप नीट घट्ट होते. कोको बटर असलेले चॉकलेट मात्र टेम्परिंग, म्हणजे ते वितळवून ठरावीक तपमानापर्यंत ढवळत थंड करणे, केल्याशिवाय चकाकी धरत नाही. आपल्या हातात यांपैकी काय आहे हे ठाऊक नसेल, तर पुढची प्रत्येक सूचना निरुपयोगी ठरते. चवीत कंपाउंड मागे पडते हे खरे, तरीही पहिल्यांदाच करणाऱ्याने हात बसेपर्यंत तेच वापरावे, असे माझे मत आहे. टेम्परिंग आणि बुडवणे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शिकायला गेल्यास कोणती कुठे चुकली हे कळतच नाही.

दोन्ही प्रकार एकत्र वितळवणे ही मात्र टाळायलाच हवी अशी चूक आहे. अर्धे पाकीट हे आणि अर्धे ते, अशी काटकसर मोहात पाडते. पण दोन वेगळे स्निग्ध पदार्थ एकमेकांना नीट घट्ट होऊ देत नाहीत, कवच मऊ राहते आणि त्यावर लवकर डाग येतात. केक-बिस्किटांत घालण्यासाठी मिळणाऱ्या चॉकलेट चिप्सही बुडवण्यासाठी फारशा उपयोगी नाहीत. भट्टीत आकार टिकून राहावा म्हणून त्यांत कोको बटर कमी ठेवलेले असते, त्यामुळे त्या वितळल्या तरी दाटच राहतात. बुडवण्यासाठी सर्वांत सोयीचे म्हणजे कुवर्चर. त्यात किमान ३१ टक्के कोको बटर असते आणि त्यामुळे त्याचा थर पातळ बसतो.

थेंबभर पाणी

वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला, तर अक्षरशः सगळ्या मेहनतीवर पाणी फिरते. चॉकलेट म्हणजे स्निग्धांशात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कण. त्यात पाणी शिरले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. मिश्रणाची चकाकी क्षणात जाते, ते ओल्या वाळूसारखे रवाळ दिसू लागते आणि ढवळता ढवळता त्याचा ताठ गोळा होतो. आश्चर्य वाटेल, पण अशा चॉकलेटला वाचवण्याचा उपाय म्हणजे आणखी पाणी. गरम दूध, क्रीम किंवा पाणी एकेक चमचा घालत जोराने ढवळले की मिश्रण पुन्हा गुळगुळीत होते. मात्र आता ते सॉस झालेले असते. केकवर ओतायला किंवा दुधात मिसळायला ते उत्तम, पण बुडवायला ते पुन्हा कधीच चालणार नाही.

हे पाणी येते कुठून, हे पाहण्यासारखे आहे. नुकताच विसळलेला चमचा, नीट न पुसलेला लाकडी उलथणा आणि डबल बॉयलरमधली, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर वाडगा ठेवून वितळवतानाची, वाफ हे नेहमीचे मार्ग. खालच्या भांड्यात दोन बोटे पाणी पुरते, ते उकळत नसावे, वरच्या वाडग्याचा तळ पाण्याला टेकू नये आणि वाडगा इतका रुंद असावा की कडेने वाफ वर येणार नाही. वाडगा उचलल्यावर त्याची खालची बाजू आधी फडक्याने पुसावी, मगच तो कलता करावा. बाहेरून ओघळणारा एकच थेंब पुरेसा असतो. वितळणाऱ्या चॉकलेटवर झाकण तर कधीच ठेवू नये.

चॉकलेट दाट वाटले म्हणून त्यात दूध किंवा बटर घालण्याची चूकही याच जातीची आहे. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असते. पातळ करायचेच असेल, तर थोडे कोको बटर घालावे. कंपाउंडमध्ये चमचाभर वासरहित तेल चालते. रंग आणि सुगंध यांनाही हाच नियम लागू होतो. केकच्या आयसिंगसाठीचे जेल रंग आणि साधे व्हॅनिला इसेन्स यांत पाणी किंवा अल्कोहोल असते, म्हणून चॉकलेटसाठी तेलात मिसळणारेच रंग आणि सुगंध वापरावेत.

आच जास्त, धीर कमी

डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सिअसला आणि मिल्क व व्हाइट चॉकलेट ४० ते ४५ अंशांना पूर्ण वितळते. त्यापुढे तापवून काहीही मिळत नाही. मिल्क आणि व्हाइट चॉकलेटमधले दुधाचे घटक तर लवकर करपतात, मग मिश्रण दाट आणि कणीदार होते आणि करपल्याचा वास काही केल्या जात नाही. मायक्रोवेव्हमध्ये ही फसगत हमखास होते, कारण चॉकलेटचे तुकडे आतून वितळले तरी वरून आपला आकार सोडत नाहीत. अजून वितळले नाही असे समजून आणखी एक मिनिट दिले जाते आणि मधला भाग जळतो. अर्ध्या शक्तीवर २० ते ३० सेकंदांचे टप्पे घ्यावेत, दर वेळी बाहेर काढून ढवळावे आणि थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबावे. उरलेले काम वाडग्यातली ऊब करते.

टेम्परिंग टाळणे किंवा अंदाजाने करणे

कोको बटर थंड होताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवू शकते. त्यांतला पाचवा प्रकारच आपल्याला हवा असतो, कारण तो ३३-३४ अंशांच्या आसपास वितळतो. म्हणजे तो खोलीत कडक राहतो आणि तोंडात विरघळतो. कवच तुटताना येणारा टचकन आवाज आणि वरची चकाकी हीसुद्धा त्याचीच देणगी. नुसतेच वितळवून थंड होऊ दिलेल्या चॉकलेटमध्ये अस्थिर स्फटिकांची सरमिसळ होते. असे कवच घट्ट व्हायला फार वेळ लागतो, हाताळताच डागाळते आणि पुढच्या काही दिवसांत त्यावर राखाडी पट्टे येतात.

घरच्या घरी करण्यासाठी बीजपद्धत सर्वांत सुटसुटीत आहे. ५०० ग्रॅम डार्क चॉकलेटपैकी ३५० ग्रॅम वितळवून ४५ ते ५० अंशांवर न्यावे, वाडगा आचेवरून उतरवावा आणि उरलेले १५० ग्रॅम बारीक चिरून मूठमूठ घालत सतत ढवळावे. घन तुकड्यांतले चांगले स्फटिक बाकीच्या चॉकलेटला वळण लावतात. म्हणूनच हे तुकडे स्वतः चकाकणारे आणि डाग नसलेले असावेत. राखाडी पडलेल्या चॉकलेटचे बीज लावून उपयोग नाही. डार्क ३१-३२, मिल्क २९-३० आणि व्हाइट २८-२९ अंशांवर आले की ते वापरायला तयार झाले. या तपमानावरही काही तुकडे शिल्लक राहिले, तर ते काढून ठेवावेत. इथे थर्मामीटरवर खर्च करावा आणि बाकी सर्व ठिकाणी काटकसर करावी, असे मी बिनदिक्कत सांगेन. मनगटावर थेंब लावून पाहणारे लोक असतात, पण त्यांनी ते शेकडो वेळा केलेले असते.

बुडवायला घेण्याआधी सुरीचे टोक चॉकलेटमध्ये बुडवून बाजूला ठेवावे. २० अंशांच्या आसपासच्या खोलीत ते पाच मिनिटांत चकाकी राखून घट्ट झाले, तर टेम्परिंग जमले. पाच मिनिटांनंतरही ते ओले असेल किंवा त्यावर लाकडावरच्या रेषांसारखे पट्टे दिसत असतील, तर आणखी थोडे बीज घालून पुन्हा ढवळावे. हा पाच मिनिटांचा धीर न धरल्यामुळे चाळीस कँडी वाया गेल्याचे दुःख मी स्वतः अनुभवले आहे.

काम चालू असताना वाडगा निवत जातो, स्फटिक वाढतात आणि चॉकलेट दाट होते. तेव्हा ते कोमट पाण्यावर काही सेकंद धरावे किंवा हेअर ड्रायरची ऊब द्यावी, मात्र वर दिलेली मर्यादा ओलांडू नये. डार्क चॉकलेट ३४ अंशांच्या पुढे गेले, तर मिळवलेले सगळे स्फटिक वितळतात. नुकसान काहीच होत नाही, फक्त सारे पहिल्यापासून करावे लागते.

थंड किंवा ओले सारण

फ्रीजमध्ये ठेवलेले गोळे पकडायला सोपे जातात, म्हणून ते तसेच बुडवले जातात. थंड सारणावर चॉकलेट झटपट आवळून घट्ट होते. मग सारण खोलीच्या तपमानावर येताना प्रसरण पावते आणि कवच तडकते. ही तड लगेच दिसत नाही. माझ्या एका खेपेच्या कॅरामेलला रात्री एकही चीर नव्हती, सकाळी मात्र प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर केसाएवढी रेघ आणि रेघेतून बाहेर आलेला चिकट मणी होता. सारण २० ते २२ अंशांवर असावे. ते फार मऊ असेल, तर फ्रीजऐवजी रात्रभर उघड्यावर ठेवून त्यावर पातळ साय धरू द्यावी.

सारण तळातूनही गळते, कारण कागदावर टेकल्यावर खालचा थर सर्वांत पातळ राहतो. कॅरामेल किंवा गनाशचे (चॉकलेट आणि क्रीमच्या मऊ मिश्रणाचे) तुकडे कापण्याआधी सबंध लादीच्या एका बाजूला चॉकलेटचा पातळ हात फिरवावा, तो घट्ट झाल्यावर लादी उलटी करून तुकडे कापावेत आणि मग बुडवावेत. ताज्या फळांची गोष्ट वेगळी आहे. स्ट्रॉबेरी धुऊन कितीही पुसली तरी तिच्यातला रस कवचाखाली सुटतच राहतो, म्हणून ती ज्या दिवशी केली त्याच दिवशी संपवावी. बदाम, शेंगदाणे वगैरे भाजून पूर्ण गार करूनच घ्यावेत आणि आधी एक चाखून पाहावा. खवट दाण्याची चव चॉकलेटने झाकली जात नाही.

तळाशी पसरणारी झालर

कँडीच्या बुडाशी चॉकलेटचे थारोळे पसरते, त्याचे कारण जास्तीचे चॉकलेट न झटकणे हे असते, किंवा चॉकलेट प्रमाणापेक्षा गरम असणे. कँडी काट्यावर उचलल्यावर काट्याची दांडी वाडग्याच्या कडेवर चार-पाच वेळा हलकेच आपटावी. वरच्या पृष्ठभागावर लाटा उठून विरताना दिसतात आणि जादा चॉकलेट खाली गळते. मग काट्याची खालची बाजू कडेवर एकदा पुसून घ्यावी आणि कँडी बटर पेपरवर सरकवत सोडावी. काटा सरळ वर उचलल्यास कँडी त्याच्यासोबत वर येते. तो किंचित मागे ओढत काढावा लागतो. एवढे करूनही झालर आलीच, तर कवच घट्ट होता होता सुरीने ती छाटावी. पूर्ण कडक झाल्यावर छाटायला गेल्यास कवचच फुटते.

वाडगा पसरट असला की कँडी बुडण्याऐवजी लोळते. अरुंद, खोल भांडे घ्यावे आणि चॉकलेट लागणार असेल त्याच्या दीडपट तरी वितळवावे. वर काही भुरभुरायचे असल्यास चार-पाच कँडी झाल्यावर लगेच भुरभुरावे, सगळ्या संपेपर्यंत थांबू नये.

फ्रीज आणि पांढरे डाग

घट्ट होताना चॉकलेट स्वतः थोडी उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे गच्च भरलेल्या ताटातल्या मधल्या कँडी उशिरा घट्ट होतात. अशा वेळी १० ते १५ मिनिटे फ्रीजमध्ये ठेवणे योग्यच आहे. चूक होते ती कँडी फ्रीजरमध्ये ठेवण्याची किंवा रात्रभर फ्रीजमध्ये विसरण्याची. गार कँडी बाहेर काढताच हवेतला बाष्पांश तिच्यावर जमतो, वरची साखर विरघळते आणि पाणी वाळल्यावर खरखरीत पांढरा थर मागे राहतो.

डाग पाहून पुष्कळ जण बुरशी समजून कँडी फेकून देतात. डागावर बोट हलकेच चोळून पाहावे. बोटाच्या उबेने डाग विरून तेलकट चकाकी आली, तर तो कोको बटरचा आहे, म्हणजे टेम्परिंग चुकले किंवा डबा गरम जागी राहिला. डाग तसाच राहिला आणि बोटाला खरखर लागली, तर तो साखरेचा, म्हणजे ओलाव्याचा. दोन्ही प्रकार खायला निर्धोक असतात. तयार कँडी हवाबंद डब्यात, १५ ते १८ अंशांच्या कोरड्या जागी, कांदा-लसूण-मसाल्यांपासून लांब ठेवाव्यात, कारण चॉकलेट आसपासचा वास झटकन ओढून घेते.

वाडग्यात उरलेले चॉकलेट बटर पेपरवर ओतून घट्ट होऊ द्यावे, तुकडे करून ठेवावेत आणि पुढच्या वेळी वितळवून पुन्हा टेम्परिंग करून वापरावे. बुडवताना त्यात सारणाचे कण किंवा फळांचा रस पडला असेल, तर मात्र ते साठवू नये आणि त्याच संध्याकाळी गरम दुधात ढवळून प्यावे.