मोबाइल दाखवून भरवताय? या चुका टाळा

लेक दीड वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यात कार्टून, आणि मी चमचा पुढे केला की तिचं तोंड आपोआप उघडायचं. वाटी वीस मिनिटांत रिकामी व्हायची. एकदा नेट गेलं, व्हिडिओ अडकला. गालात घास धरून तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस इथे कधी येऊन बसला! इतके दिवस ती जेवत नव्हतीच, मी वाटी रिकामी करत होतो.

पहिली चूक हीच. नजर पडद्यावर खिळली की पोट भरल्याचं मुलाला कळत नाही आणि चवही लक्षात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं, की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला बसून स्क्रीन पाहणं नकोच आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून एक तासाहून जास्त नको. आमच्याकडे तर दीड वर्षाच्या लेकीचा तेवढा तास जेवणातच जायचा.

सवय मोडताना सगळी जेवणं एकदम मोबाइलशिवाय करायला जाऊ नका. मुलाला सगळ्यात कडकडून भूक लागते ते एकच जेवण निवडा. त्याआधी दीड-दोन तास दूध-बिस्किटं बंद. आमच्याकडे चार दिवस रडारड झाली. तिसऱ्या दिवशी तर जेमतेम तीन घास पोटात गेले आणि आजीने माझ्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी लेकीने स्वतःच वाटीत हात घातला. निम्मं अन्न जमिनीवर, थोडं केसांत, पण उरलेलं तिने चावून खाल्लं. आणि हो, तेव्हा आपलाही फोन दुसऱ्या खोलीत हवा. मी तो मांडीखाली लपवायचो, तिला बरोबर कळायचं.

दुसरी चूक म्हणजे 'आधी किती छान जेवायची' हे पालुपद. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढ मंदावली की भूकही उतरते. तेव्हा वाटी मोजू नका, डॉक्टरांकडचा वाढीचा तक्ता पाहा. वजन अडलं किंवा जेवताना दरवेळी ठसका लागत असेल, तर मात्र घरगुती प्रयोग नकोत.

दूधही तपासा. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरहून बरंच जास्त दूध जात असेल, तर जेवणाला जागाच उरत नाही आणि लोह कमी पडू शकतं.

एखादी भाजी दोनदा थुंकली म्हणून ती कायमची बाद करू नका. नवी चव रुळायला आठ-दहा वेळाही लागतात. पानात चिमूटभर ठेवायची, आग्रह करायचा नाही. काय, कधी आणि कुठे द्यायचं ते आपण ठरवायचं. किती खायचं ते मुलाने.

'हे संपव, मग चॉकलेट' ही लाच त्याहून वाईट. चॉकलेटचा भाव वाढतो, भाजीची शिक्षा होते.

व्हिडिओ आम्ही पूर्ण बंद केला नाही. संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीस मिनिटं, ती किती जेवली याच्याशी त्याचा संबंध नाही. 'जेवलीस तरच लावीन' हे अजूनही माझ्या जिभेच्या टोकावर येतं.