फॅन कन्व्हेन्शन भरवताय? मग हॉल बुक करायच्या आधी मेजरटेप घ्या

दीडदोनशे लोकांचं अ‍ॅनिमे-कॉमिक्सचं, म्हणजे जपानी कार्टून आणि चित्रकथांच्या चाहत्यांचा मेळावा असलेलं छोटं कन्व्हेन्शन करायचं ठरलं की सगळी टीम आधी पाहुणे कोण आणि स्टॉल किती यातच अडकते, आणि मग कोणी विचारलंच की व्हीलचेअरवर कोणी आलं तर काय, तर ठरलेलं उत्तर येतं, "अहो आपली चार पोरं आहेत की, उचलून नेतील". हे उत्तर डोक्यातून काढून टाका. चारचौघांत असं उचललं जाणं कुणाला आवडेल? पडायची भीती वेगळीच, आणि बॅटरीवाली व्हीलचेअर तर माणसासकट उचलताच येत नाही. माझ्या मते कसोटी एकच, आलेला माणूस आपला आपण आत आला पाहिजे, मनसोक्त फिरला पाहिजे, वॉशरूमला जाऊन आला पाहिजे आणि कुणाची मनधरणी न करता घरी गेला पाहिजे.

यातलं निम्मं काम हॉल निवडतानाच होतं किंवा बिघडतं. आपल्याकडे परवडतात ती मंगल कार्यालयं नाहीतर कॉलेजचे हॉल, आणि मॅनेजर फोनवर नेहमी सांगतो की हो लिफ्ट आहे, रॅम्प आहे. स्वतः जाऊन बघा. लिफ्ट असते पण तिच्यापर्यंत जायला दोन पायऱ्या, किंवा ती मधल्या मजल्यावर थांबते, किंवा केटररची भांडी वरखाली करण्यातच दिवसभर अडकलेली असते. दरवाजा मोजा, तीन फूट मोकळा मिळाला पाहिजे. रॅम्पचा साधा हिशोब १:१२, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंची तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटी रॅम्प लागणार, तिथे चार फुटी फळी टाकून दिली तर ती घसरगुंडीच झाली. मांडववाल्याला आधी सांगितलं तर तो प्लायवूडचा रॅम्प करून देतो, फक्त चार फूट रुंद करायला सांगा, कडेला पट्टी मारून घ्या म्हणजे चाक खाली उतरत नाही, आणि वर रबर मॅट टाकायला लावा. आणि तो जाड लाल गालिचा नकोच, त्यात चाकं रुततात, कुबडी अडकते.

वॉशरूम उघडून बघा म्हणजे खरंच उघडून बघा, कारण अपंगांसाठीच्या टॉयलेटमध्ये बऱ्याचदा झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. कमोड हवा, धरायला दांडा हवा, आत व्हीलचेअर वळवायला साधारण पाच फूट मोकळं हवं. हे नसेल तर दुसरा हॉल शोधा असंच मी सांगेन, कारण सकाळी दहा ते संध्याकाळी सात कार्यक्रम आणि वॉशरूमच नाही, मग लोक दिवसभर पाणी न पिता बसतात. पुण्यात असाल तर मेट्रो स्टेशनजवळचा हॉल बघा, स्टेशनला लिफ्ट असते, नाहीतर सगळी मदार रिक्षावर येते.

मग आतली मांडणी. स्टॉलच्या दोन रांगांमध्ये सहा फूट सोडा. स्टॉलवाले हळूहळू टेबल पुढे सरकवतात, स्टँडी बाहेर आणून ठेवतात, त्यामुळे जमिनीवर रंगीत टेप मारून हद्द आखून द्या. अमेरिकेत मॅडिसनला विस्कॉन नावाचं सायन्स फिक्शनचं कन्व्हेन्शन १९७७ मध्ये सुरू झालं, तिथे निळ्या टेपने जायचा रस्ता आणि व्हीलचेअरच्या जागा आखायची पद्धत पडली, खर्च फक्त टेपच्या रोलचा आणि काम झकास होतं. व्हीलचेअरच्या जागा सगळ्या एकदम मागे किंवा एका कोपऱ्यात नकोत, मध्येमध्ये खुर्ची काढून जागा करा म्हणजे माणूस आपल्या मित्रांसोबत बसेल. आणि स्टेजला पण रॅम्प लावा, प्रेक्षकांसाठी केला आणि स्टेजला विसरलात असं नको, कॉस्प्ले म्हणजे आवडत्या कॅरेक्टरचा पोशाख करायच्या स्पर्धेत भाग घेणारी मुलगी पण व्हीलचेअरवर असू शकते ना.

ऑटोग्राफची नाहीतर एंट्रीची लाईन तासभर उभी राहते. गुडघे दुखणारे, गरोदर बायका, नातवाला घेऊन आलेल्या आजी, यांना टोकन द्या आणि खुर्चीत बसू द्या, नंबर आला की बोलवा. पुरावा मागू नका, अपंगत्वाचं सरकारी यूडीआयडी कार्ड दाखवा म्हणून अडवू नका, बरेच आजार बाहेरून दिसत नाहीत. मदतीला सोबत आलेल्या माणसाचं तिकीट घेऊ नका. गेटवरच्या सिक्युरिटीला आदल्या दिवशीच समजावून सांगा की इन्सुलिन, गोळ्या आणि घरचा डबा काढून घ्यायचा नाही.

पॅनेलमध्ये, म्हणजे स्टेजवरच्या चर्चेत, कायम कोणीतरी म्हणतं, "माईक नको, माझा आवाज मोठा आहे". त्याला प्रेमाने माईक द्याच, आणि प्रेक्षकातून आलेला प्रश्न माईकवर परत सांगा. मोठ्या स्क्रीनवर चालू बोलण्याचं टायपिंग दाखवता आलं तर उत्तमच, अँड्रॉइड फोनमधलं लाइव्ह ट्रान्सक्राइब अ‍ॅप मराठीही लिहितं, फक्त जपानी कॅरेक्टरच्या नावांचा पार चुराडा होतो, म्हणून नावांची यादी वेगळी स्लाइडवर ठेवा. साइन लँग्वेज इंटरप्रिटर बोलवणार असाल तर दोघे बोलवा, ते आलटून पालटून काम करतात, एकट्याला तासभर सलग झेपत नाही. त्यांना पण नावं आधी पाठवा, आणि स्क्रीनिंगसाठी हॉल अंधारा केलात तरी त्यांच्यावर दिवा राहू द्या.

वेळापत्रक फक्त इन्स्टाच्या रंगीत पोस्टरवर टाकू नका. फोटोतली अक्षरं दृष्टिहीन माणसाचा फोन नीट वाचून दाखवेलच याची खात्री नाही, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली मराठी फाईल तर बोलून दाखवताना नुसती अगम्य अक्षरं. तेच वेळापत्रक साध्या युनिकोड मराठीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज म्हणून पाठवा, एवढ्यानेच खूप फरक पडतो.

आवाज आणि लाईटचं पण बघा. डीजेचे भपकन उघडझाप करणारे स्ट्रोब नकोच, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लाईट मारला तर काही जणांना फिट येऊ शकते. एक खोली शांत ठेवा, म्हणजे ऑफिस किंवा वधूची खोली, मंद दिवा, पंखा, पाणी, चार खुर्च्या, आणि तिथे फोनवर गप्पा मारत बसायला परवानगी नाही. ऑटिझम असलेली मुलं, पॅनिक होणारी माणसं, दिवसभराच्या गोंगाटाने दमलेलं कोणीही तिथे दहा मिनिटं बसून परत मजा करायला येतं.

खाण्याच्या स्टॉलवाल्याकडून प्रत्येक पदार्थात काय आहे ते लिहून घ्या आणि दिसेल असं लावा. आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं सांगा, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते.

आता माणसांचं वागणं, कारण रॅम्प असला आणि आत गेल्यावर टोमणे मिळाले तर कोण परत येईल. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये पाट्या लावल्या होत्या की कॉस्प्ले म्हणजे परवानगी नव्हे. तीच गोष्ट मराठीत मोठ्या अक्षरात लावा, फोटो काढायच्या आधी विचारायचं, पोशाखाला हात लावायचा नाही. मुलगी दिसली की "खरी फॅन असशील तर पाच कॅरेक्टरची नावं सांग" ही परीक्षा घेणाऱ्यांना व्हॉलंटियरने तिथल्या तिथे थांबवायचं. बॅजवर ज्याला जे नाव हवं ते छापा, ट्रान्स मुलामुलींना आधारवरच्या नावाने चारचौघात हाक मारली जाऊ नये. तक्रार कोणाकडे करायची ती दोन माणसं आधी ठरवा, त्यात एक बाई हवीच, त्यांचा नंबर बॅजच्या मागे छापा, आणि तक्रार आपल्याच मित्राविरुद्ध आली तर त्याला पण बाहेर काढायची तयारी ठेवा. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जड जातो, पण तिथे कच खाल्लीत तर पाटीला काही अर्थ उरत नाही.

तिकिटाच्या पानावर काय आहे तसंच काय नाही ते पण लिहा. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट जात नाही तर नाही म्हणून स्पष्ट लिहा, लोक ठरवतील यायचं की नाही. शक्यतो नियोजनातच एखादा व्हीलचेअर वापरणारा आणि एखादी कर्णबधिर फॅन घ्या, आणि त्यांना कामाचे पैसे द्या. आणि हॉलच्या लिफ्टवाल्याशी आधीच बोलून ठेवा, त्याची ड्यूटी सहाला संपते आणि तुमचं शेवटचं पॅनेल सातला, तर वरचा शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत थांबायचे त्याचे ओव्हरटाइमचे पैसे बजेटमध्ये धरा.