कॅरमवर जडत्व

नववीच्या पोरांना न्यूटनचा पहिला नियम, म्हणजे जडत्वाचा (बाहेरून बल लागेपर्यंत थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते, चालती त्याच वेगानं सरळ चालत राहते), फळ्यावर लिहून देऊ नका, नुसता पाठ करतात. कळव्यातल्या माझ्या क्लासमध्ये मी सरळ कॅरम काढते. सात-आठ सोंगट्यांची चवड रचा, तळच्या सोंगटीवर स्ट्रायकर जोरात मारा. त्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्या, नाहीतर मागून सगळेच ‘मला माहीत होतं’ म्हणतात! तळची सटकते, बाकी चवड जागच्या जागी खाली बसते. हळू मारलंत तर कोसळते, कारण घर्षणाला वरच्या सोंगट्या ओढायला वेळ मिळतो. तेही मुद्दाम दाखवा.

मग पावडर पुसून स्ट्रायकर ढकला. लवकर थांबतो. ‘जोर संपला’ असं कुणीतरी म्हणणारच. तिथे घाई नको. जोर संपत नसतो, घर्षणाचं बल उलट दिशेनं लागत असतं.

गृहपाठ: लोकलनं ब्रेक मारला की आपण पुढे का झुकतो?