कॅमेरूनचा इतिहास तीन बाय चारच्या फळीवर कसा उतरवावा

मी पाट्या रंगवणारा माणूस. फ्लेक्स आल्यापासून काम आटलं, पण हाताची सवय जाईना, म्हणून खानापुराजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयाला एकेका देशाचा इतिहास फळीवर रंगवून देतो. कॅमेरूनची पाळी आली ती पोरांमुळं. आमच्याकडं फुटबॉलचं वेड जुनं. १९९० च्या वर्ल्ड कपात ३८ वर्षांचा रॉजर मिला गोल मारून कोपऱ्यातल्या निशाणापाशी नाचला होता, ते मोबाइलवर बघता बघता एकानं विचारलं, “काका, ह्यांच्या झेंड्यावर एकच चांदणी हाय. मग आपल्या जुन्या अ‍ॅटलासात दोन कशा काय?” फळी त्या प्रश्नातनं निघाली.

तीन बाय चारचं प्लायवूड घ्या, प्रायमरचे दोन हात मारा, नीट वाळू द्या. मग सूत मारून दोन वाटे नकाशाला आणि एक वाटा अक्षरांना ठेवा. मी पहिल्यांदा उलटं केलं. सगळी फळी सनावळीनं भरली, कुणी ढुंकून बघेना, शेवटी घासून काढली.

नकाशे तीन लागतात, आणि ते बटर पेपरवर वेगवेगळे काढायचे. पहिला १८८४ पासूनच्या जर्मन वसाहतीचा. दुसरा पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर झालेल्या वाटणीचा. फ्रेंचांच्या पदरात जवळजवळ चार-पंचमांश मुलूख पडला, इंग्रजांना नायजेरियाच्या कडेच्या दोन पट्ट्या मिळाल्या, त्याही एकमेकींना न चिकटलेल्या. तिसरा १९६१ नंतरचा. हे तीन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा आणि पोरांना बोलवा. निम्मा इतिहास तिथंच कळतो.

पुढचा भाग घाईनं करायचा नाही. फ्रेंच भाग १ जानेवारी १९६० ला स्वतंत्र झाला, अहमदू अहिजो राष्ट्राध्यक्ष झाले. इंग्रजांच्या दोन पट्ट्यांचं काय करायचं यासाठी ११ फेब्रुवारी १९६१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झालं. उत्तरेची पट्टी नायजेरियात गेली. दक्षिणेत कॅमेरूनच्या बाजूनं २,३३,५७१ मतं पडली, नायजेरियाच्या बाजूनं ९७,७४१. हे आकडे ठळक रंगवायचा मोह होतो. आवरा. ठळक रंगवायचा तो लोकांना विचारलेला प्रश्न: नायजेरियात सामील होऊन स्वतंत्र व्हायचं, की कॅमेरूनात? बस्स, दोनच वाटा. आपलं वेगळं राहायचं असेल तर खूण करायला जागाच नव्हती. मी दोन भरलेले चौकोन काढले आणि शेजारी तिसरा, नुसत्या तुटक रेघेचा. फळीपुढं माणूस सगळ्यात जास्त थांबतो तो त्या रिकाम्या चौकोनापाशी. (आम्हा सीमाभागातल्यांना असा कागद कधी मिळालाच नाही. आयोग मिळाला, तारखा मिळाल्या. असो.)

आता चांदण्या. १ ऑक्टोबर १९६१ ला दक्षिण पट्टी सामील झाली आणि दोन राज्यांचं संघराज्य बनलं. हिरवा, तांबडा, पिवळा अशा उभ्या पट्ट्यांपैकी हिरव्यावर दोन पिवळ्या चांदण्या आल्या, दोन भागांच्या दोन. २० मे १९७२ च्या सार्वमतानं संघराज्य मोडून एकच राज्य केलं. १९७५ मध्ये दोन चांदण्या गेल्या, तांबड्याच्या मधोमध एक आली. हे दोन झेंडे शेजारी शेजारी काढा, खाली सन लिहा, खुलासा लिहू नका.

देशाच्या नावाची पाटी मात्र तीनदा रंगवायची. १९६१ ला ‘कॅमेरून संघीय प्रजासत्ताक’, १९७२ ला ‘संयुक्त प्रजासत्ताक’, १९८४ ला नुसतं ‘कॅमेरून प्रजासत्ताक’. आणि १९६० मध्ये एकट्या फ्रेंच भागानं हेच शेवटचं नाव घेतलेलं. मी ही तिन्ही नावं एकाच जागेवर, पातळ रंगात, एकावर एक लिहिली. जुन्या पाटीवर नवा रंग मारला तरी चार उन्हाळ्यांनी खालची अक्षरं वर येतात, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे.

नावाचंच चाललंय तर स्पेलिंगलाही एक कोपरा द्या. पोर्तुगीजांनी तिथल्या नदीला कोळंबीची नदी म्हटलं, त्यातनं देशाचं नाव आलं. फ्रेंच आणि इंग्रज ते ‘सी’नं लिहितात, जर्मन ‘के’नं लिहायचे. फाळणीआधीचा अखंड देश मागणारे राष्ट्रवादी मुद्दाम ‘के’ वापरत. एका अक्षरावरनं माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं. बेळगाव, बेलगाम, बेळगावी असं तीन तऱ्हेनं ज्यानं रंगवलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या ‘के’वाल्यांत रुबेन उम न्योबे यांचा चेहरा काढा. १९५२ मध्ये ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांपुढं एकीकरण आणि स्वातंत्र्य मागून आले. १९५५ ला त्यांच्या पक्षावर बंदी आली. १३ सप्टेंबर १९५८ ला फ्रेंच फौजेनं त्यांना जंगलात गाठून मारलं. स्वातंत्र्य सव्वा वर्षावर आलं होतं. पुढं कैक वर्षं देशात त्यांचं नाव घेणंही अवघड होतं.

एक सावधगिरी. पोरं लगेच म्हणाली, “म्हणजे आपल्यागतच की!” तसं नाही. तिथं भांडण इंग्रजी आणि फ्रेंचचं, आणि दोन्ही बाहेरनं आलेल्या. घरात बोलायच्या भाषा दोनशेच्या वर. २०१६ मध्ये इंग्रजांकडून आलेल्या त्या दक्षिण पट्टीतले वकील आणि शिक्षक रस्त्यावर आले, कारण इंग्रजी पद्धतीच्या कोर्टांत आणि शाळांत फ्रेंच पद्धतीत शिकलेली माणसं नेमली जात होती. २०१७ मध्ये त्या भागाचं इंटरनेट ९३ दिवस बंद ठेवलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला काहींनी ‘अंबाझोनिया’ हा वेगळा देश जाहीर केला. पुढं हजारो मेले, लाखो घर सोडून गेले. आपल्या दुखण्याचं माप घेऊन त्यांची पाटी कापू नये.

सारखं काही असेल तर ते तारखांचं. सामील झाले १ ऑक्टोबरला, वेगळं व्हायचं जाहीर केलं तेही १ ऑक्टोबरला. ११ फेब्रुवारी, म्हणजे सार्वमताचा दिवस, तिथं ‘युवक दिन’ म्हणून साजरा होतो. आमच्याकडं १ नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या गल्लीत दंडाला काळी फीत असते. म्हणून अशा तारखा दोन रंगांत लिहा, अर्धा आकडा एका रंगात, अर्धा दुसऱ्या.

मिलाला विसरू नका, पोरं सोडणार नाहीत. पण ८ जून १९९० ला अर्जेंटिनाला हरवलं त्याच्या वरच्याच ओळीत २६ मे लिहा. त्या दिवशी त्याच इंग्रजी भागातल्या बामेंडा शहरात विरोधी पक्षाची स्थापना झाली आणि गोळीबारात सहा माणसं गेली. मध्ये तेरा दिवस.

शेवटची ओळ पॉल बिया यांची. ६ नोव्हेंबर १९८२ पासून राष्ट्राध्यक्ष; २०२५ च्या निवडणुकीत, वयाच्या ९२ व्या वर्षी, आठव्यांदा विजयी घोषित. इथं ‘१९८२ –’ एवढंच ऑइल पेंटनं लिहा आणि पुढं चार बोटं जागा सोडा. पहिल्या फळीवर मी सोडली नव्हती, कडेला चिकटून लिहिलं होतं.