आदल्या संध्याकाळचं विज्ञान
२० वर्षं विज्ञान शिकवतेय, म्हणून सांगते: परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नवा धडा उघडू नका. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवतील तेवढी सूत्रं लिहा. अडेल तिथंच पुस्तक बघा. नुसतं वाचताना सगळं येतंय असं वाटतं, लिहायला बसलं की खरं कळतं.

एककांपायी हातचे गुण गेले की मला फार हळहळ वाटते. भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर (भिंगापासून त्याच्या नाभीपर्यंतचं) मीटरमध्येच हवं: ५० सेमी म्हणजे ०.५ मीटर, शक्ती १ भागिले ०.५, म्हणजे २ डायॉप्टर (हे शक्तीचं एकक). बहिर्वक्र भिंग असेल तर धन, अंतर्वक्र असेल तर ऋण. हे चिन्ह आधी लिहा, मग आकडेमोड. दोन-तीन रासायनिक समीकरणं संतुलित करून पाहा. जागरण मात्र नको. झोपण्यापूर्वी किरणाकृती एकदा पेन्सिलीनं काढा, बाणांसकट.