जुनी पेटी उघडली की आधी हात आवरा

ग्रंथालयातला विशेष संग्रह, म्हणजे कुणा एकाकडून आलेली जुनी पुस्तकं आणि कागदपत्रं, कॅटलॉगात शोधू नका, दाखल नोंदवहीत (ग्रंथालयात काय आलं ते टिपायच्या वहीत) शोधा. तिथल्या शेऱ्याच्या रकान्यात ‘भेट, १ पेटी’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे दाखल क्रमांकच पडलेले नसतात. मग कपाटांकडे वळा. एकाच मालकाचा शिक्का, तीच सही, समासातलं तेच हस्ताक्षर असलेली पुस्तकं विषयवार लावण्याच्या नादात दहा फडताळांत विखुरलेली असतात. त्यांची यादी करा, पुस्तकं मात्र जागची हलवू नका. कपाटं रोज पुसणाऱ्या मदतनिसालाही विचारा. त्याला जे ठाऊक असतं ते पुष्कळदा विभागप्रमुखांनाही नसतं.

आता खरा धोका. कागदांची पेटी उघडली की पत्रं एकीकडे, पावत्या दुसरीकडे, सगळं तारीखवार लावावंसं वाटतं. लावू नका! कागद कशाच्या शेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. बिनतारखेचं पत्र दोन तारीखवाल्या पत्रांच्या मध्ये असेल, तर त्याच्या काळाचा अंदाज बांधता येतो. छपाईचं बिल हस्तलिखिताच्या गठ्ठ्यात असेल, तर ते कोणत्या पुस्तकाचं हे कळतं. वेगळं काढलंत की ते नुसतं बिल उरतं, आणि हे नुकसान कुठलाही तज्ज्ञ भरून देऊ शकत नाही. म्यूलर, फाइथ आणि फ्रूइन या डच अभिलेखपालांनी मूळ क्रम राखण्याचा नियम १८९८ सालीच लिहून ठेवला. तरीही घाईत आधी तोच मोडला जातो.

म्हणून प्रत्येक थर उचलण्याआधी वरून फोटो घ्या. गठ्ठ्यात आम्लमुक्त कागदाची पट्टी घालून तिच्यावर पेटी, गठ्ठा आणि कागद यांचे क्रमांक लिहा, तेही पेन्सिलीनेच. रिकामी पाकिटं फेकू नका, टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते. पुस्तकात चिठ्ठी सापडली तर ती कोणत्या दोन पानांमध्ये होती ते आधी टिपा. फोटो किंवा फिल्म वेगळी ठेवावीच लागली, तर तिच्या जागी ‘अमुक खोक्यात हलवली’ अशी चिठ्ठी ठेवा. क्रम आधीच कुणी मोडला असेल तर घाबरू नका. आज जसा आहे तसा नोंदवा आणि तो मूळ नाही हेही लिहा. एवढ्यावरही संशोधकाचं बरंच काम होतं.

जतनाबद्दल माझं मत कडक आहे: सेलोटेप आणि लॅमिनेशन बंद. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशनमध्ये उष्णतेचा मारा होतो आणि पुढे प्लास्टिक सोलताना शाईही जाते. फाटलेलं पान जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून जोडतात, कारण ती पाण्याने सुटते. पण हे प्रशिक्षित हातांचं काम. तोवर पान फोल्डरमध्ये सपाट ठेवा. गंजलेली टाचणी ओढू नका. खाली पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचा तुकडा सरकवून ती सावकाश सोडवा. कागद हाताळायला स्वच्छ, कोरडे हात पुरे. हातमोजे फोटो आणि निगेटिव्हसाठी.

खोलीची आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. दिवसा एसी चालू, रात्री बंद, हे कागदाला फार बाधतं. पुस्तकं भिजली तर ४८ तासांत बुरशी धरू शकते. तेवढ्या वेळात वाळवणं जमणार नसेल तर सरळ गोठवा.

‘स्कॅन करून टाकू’ हा शॉर्टकट क्रमांक पडण्याआधी नकोच, नाहीतर कोणती टिफ फाइल कोणत्या कागदाची हे कुणालाच सांगता येणार नाही.