बांधकामाचा आराखडा आखण्याआधी जमिनीचे चढउतार कसे मोजून घ्यावेत

हद्दीचा नकाशा हाती आला की लगेच इमारतीचा आराखडा काढायला बसण्याची घाई अनेकांना होते. परंतु हद्दीचा नकाशा जमीन कोठून कोठवर आहे एवढेच सांगतो. ती कोठे किती उंच आहे, पावसाचे पाणी तिच्यावरून कोणत्या दिशेने वाहते आणि शेजारचा रस्ता तिच्या वर आहे की खाली, याबद्दल तो काहीच सांगत नाही. जोत्याची पातळी, सांडपाण्याच्या नळांचा उतार, भरावाचे व खोदाईचे प्रमाण, संरक्षक भिंतीची गरज हे सारे या उंचीवर ठरत असते. ही माहिती स्थलाकृतिक सर्वेक्षणातून मिळते, आणि ते आराखड्याच्या आधी करून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण इमारतीची जागा ठरल्यानंतर कळलेला उतार केवळ खर्च वाढवतो, निर्णय सुधारण्याची संधी देत नाही.

सर्वेक्षकाला काम सांगताना ‘जागेचा कंटूर सर्व्हे करून द्या’ एवढे वाक्य पुरेसे नसते. काय बांधायचे आहे आणि कोणते निर्णय अजून व्हायचे आहेत हे त्याला आधी सांगावे, आणि त्यानुसार नकाशाचे प्रमाण, दोन समोच्च रेषांमधील (कंटूर, म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) उंचीचे अंतर, पातळी घेण्याच्या बिंदूंची दाटी व मोजणीची व्याप्ती लेखी ठरवून घ्यावी. इमारतीच्या एका भूखंडासाठी १:२०० किंवा १:५०० हे प्रमाण बहुधा सोयीचे पडते. समोच्च रेषांमधील अंतर मात्र जमीन पाहून ठरवावे. ज्या जागेचा एकूण उतारच दीड मीटर आहे तिथे १ मीटर अंतराने काढलेल्या नकाशावर एक-दोन रेषांपलीकडे काही उमटणार नाही. तिथे २५ सेंटिमीटरचे अंतर मागावे. तीव्र डोंगरउतारावर तेच अंतर ठेवले तर रेषांची इतकी गर्दी होते की नकाशा वाचताच येत नाही.

मोजणी हद्दीपाशी थांबवू नये, यावर माझा विशेष भर आहे. पाणी हद्द पाहून वाहत नाही. वरच्या बाजूच्या जमिनीचा उतार, समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेची व कडेच्या गटाराची पातळी, शेजारच्या इमारतीचे जोते आणि जवळच्या ओढ्याचा तळ व काठ या सर्वांच्या पातळ्या नकाशावर असल्याच पाहिजेत. ओढा किंवा नदी जवळ असेल, तर पुराचे पाणी पूर्वी कोठवर चढले होते याच्या खुणा शोधून त्यांचीही पातळी घ्यावी. सांडपाण्याचे विद्यमान चेंबर उघडून त्यातील नळाच्या तळाची पातळी नोंदवून घ्यावी; झाकणाच्या पातळीवरून संरचनाकाराला काहीच ठरवता येत नाही. विहिरी, विजेचे खांब, मोठ्या झाडांची खोडे व त्यांच्या विस्ताराचा घेर, जुन्या भिंती आणि जमिनीखालून जाणाऱ्या नळांच्या वा तारांच्या वर दिसणाऱ्या खुणा या गोष्टीही याच फेरीत नोंदवून घ्याव्यात.

सर्वेक्षणाचा खरा कस लागतो तो जमिनीचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे. अनेकदा ५ किंवा १० मीटरच्या चौकटी आखून केवळ त्यांच्या कोपऱ्यांवर पातळ्या घेतल्या जातात. सपाट मैदानावर ही पद्धत चालते. परंतु बांधाचा माथा व पायथा, नाल्याचे दोन्ही काठ, जुन्या भरावाची कड किंवा खडकाची उघडी पायरी दोन कोपऱ्यांच्या मध्ये आली, तर संगणक त्या दोन बिंदूंना सरळ उताराने जोडतो आणि २ मीटरचा उभा तुटलेला काठ नकाशावर सौम्य उतार म्हणून अवतरतो. म्हणून अशा प्रत्येक कडेवरून सलग बिंदू घेऊन त्या रेषा नकाशात स्वतंत्रपणे आणाव्यात, अशी स्पष्ट अट घालावी.

सर्व पातळ्यांना एक स्थिर आधार लागतो. जागेजवळच, परंतु खोदाईच्या व वाहनांच्या वाटेबाहेर, किमान दोन पक्के बेंचमार्क, म्हणजे ज्ञात पातळीच्या कायम खुणा, काँक्रीटमध्ये बसवून घ्यावेत आणि त्यांची स्थाने व पातळ्या नकाशावर लिहून घ्याव्यात. दोन असण्याचे कारण असे की एक हलला तर दुसऱ्यावरून ते ध्यानात येते. पातळ्यांची फेरी जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिटली पाहिजे. सर्वसाधारण कामात १ किलोमीटरच्या फेरीला सुरुवातीच्या व शेवटच्या पातळीत सुमारे १२ मिलिमीटरपर्यंतची तफावत चालवून घेतात. उपग्रह-आधारित यंत्र वापरले असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी: या यंत्राला मुळात मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे, आणि या दोहोंतील फरक ठिकाणानुसार कित्येक मीटर, काही प्रदेशांत तर शंभर मीटरच्या आसपास असतो. नकाशावरील उंची कोणत्या आधाराची आहे हे त्यावर लिहिलेले नसेल, तर रस्त्याची किंवा पुराची दुसरीकडून मिळालेली पातळी तिच्याशी जोडू नये.

यंत्रांच्या निवडीत फार अडकण्याचे कारण नाही. इमारतीच्या जागेसाठी टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारे यंत्र) आणि पातळ्यांच्या पडताळणीसाठी ऑटो लेव्हल (पातळ्यांतील फरक मोजणारे दुर्बिणीचे यंत्र) ही जोडी पुरेशी असते. विस्तीर्ण व मोकळ्या जमिनीवर ड्रोनने वेळ वाचतो. मात्र ड्रोनच्या छायाचित्रांना गवताचा व झाडांचा माथा दिसतो, त्याखालची जमीन दिसत नाही, त्यामुळे दाट झाडोऱ्यातील पातळ्या जमिनीवर उतरूनच घ्याव्या लागतात.

नकाशा हाती आल्यावर तो घेऊन जागेवर जावे आणि तेथेच तो तपासावा. ओढा ओलांडताना समोच्च रेषेचे टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेकडे वळलेले असावे; दोन रेषा एकमेकींना छेदत असतील तर, कड खरोखरच पुढे झुकलेली नसल्यास, चूक आहे असे समजावे; आणि जिथे पाणी साचते हे डोळ्यांना दिसते तिथे नकाशातही खोलगट भाग दिसला पाहिजे. त्यानंतर सहज निवडलेल्या आठ-दहा ठिकाणी पातळ्या पुन्हा घेऊन नकाशाशी ताडून पाहाव्यात. तफावत समोच्च अंतराच्या निम्म्याहून अधिक वारंवार आढळली तर नकाशा परत पाठवण्यात संकोच करू नये. २,००० चौरस मीटरच्या जागेवर सर्वत्र १० सेंटिमीटरची चूक राहिली, तर भरावाचा हिशेब २०० घनमीटरने चुकतो.

आता या नकाशाचा उपयोग करताना प्रथम पाणी जाण्याची वाट शोधावी आणि मग इमारत बसवावी. समजा सांडपाण्याचे चेंबर इमारतीपासून ४० मीटरवर आहे आणि नळाला १:१०० उतार द्यायचा आहे. तर इमारतीपाशी नळाचा तळ चेंबरमधील नळाच्या तळापेक्षा किमान ४० सेंटिमीटर वर असला पाहिजे, आणि जोते त्याहून पुरेसे वर. हा एक हिशेब अनेकदा जोत्याची पातळी ठरवून टाकतो. नंतर इमारतीची लांब बाजू शक्यतो समोच्च रेषांना समांतर ठेवून पाहावी, म्हणजे खोदाई, भराव आणि संरक्षक भिंत या तिन्हींत बचत होते. स्कॉटलंडमधील शिहॅलियन पर्वताच्या १७७४ सालच्या मोजणीवरून गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी पर्वताचे घनफळ काढताना समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले होते. आज खोदाईचे घनफळ काढतानाही त्याच रेषा कामी येतात. मात्र खोदलेली माती फुगते, साधारण मातीत २० ते ३० टक्क्यांपर्यंत, आणि दाबल्यावर पुन्हा आकसते, त्यामुळे खोदाई व भराव कागदावर समान आले म्हणजे माती पुरेलच असे गृहीत धरू नये. नकाशा केवळ पृष्ठभाग दाखवतो. खाली मुरूम आहे, काळी माती आहे की खडक, हे माती-परीक्षणाच्या छिद्रांवरूनच कळते, आणि ती छिद्रे कोठे घ्यावीत हे ठरवायला हाच नकाशा लागतो.

झाडेझुडपे काढून जागा साफ झाल्यावर, पण खोदाईचे यंत्र येण्याआधी, मालकाचा प्रतिनिधी आणि कंत्राटदार या दोघांनी मिळून मूळ जमिनीच्या पातळ्या त्याच बेंचमार्कवरून पुन्हा घ्याव्यात आणि त्या नोंदींवर दोघांच्याही सह्या असाव्यात, कारण खोदाईचे देयक याच पातळ्यांवरून निघते आणि जमीन एकदा खोदली गेली की ती आधी कशी होती हे मोजण्याचा मार्ग उरत नाही.